शंभर पाण्यांचं तूप

...निम्म्यांना मिक्सरमधलं! तुम्हांला सांगते, वीस माणसांच्या टाचांना मी माझं म्हणून जे तूप चोळलं ते माझं नव्हतंच, आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं होतं, त्याच भांड्यातलं, ज्यात सकाळी शेंगदाण्याची चटणी झालेली... आणि हे केलं कुणी? माझ्या नातीनं. जिला मी या हातांनी न्हाऊ घातलं, पायांवर आडवी घेऊन, तिनं. का केलंस गं बाई, तर म्हणे शास्त्रात असंच करतात. निम्म्यांना एक द्यायचं, निम्म्यांना दुसरं द्यायचं, कुणाला काय दिलं ते कुणालाच सांगायचं नाही, आणि मग बघत बसायचं कुणाला गुण येतो. आमच्या गावात याला फसवणूक म्हणतात. फरक एवढाच की आमच्याकडे फसवणारा वहीत लिहून ठेवत नाही.

पण बोलून काय उपयोग? शाळेची पायरी न चढलेली बाई मी. मी आपलं पाणी घालते, पाणी काढते.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हांला काय कळणार. पहिल्यापासून सांगते. मी तानूबाई. अळणावरच्या पलीकडं रानाला लागून आमचं गाव. माझा लेक नागेश सरकारी नोकरीत लागला, धारवाडला मळमड्डीत घर केलं, आणि मला गावाहून घेऊन आला. म्हैस आणू देईना. मग मी तांब्याची परात घेऊन आले. परात कशाला, तर तूप धुवायला. हसू नका, तूप धुतात. म्हशीचं तूप परातीत घ्यायचं, गार पाणी घालायचं, तळव्यानं गोल गोल फेसायचं, पाणी काढून टाकायचं, की झालं एक पाणी. अशी शंभर पाणी द्यायची. तुपाचा वास जातो, पिवळेपणा जातो, पांढरं ढगासारखं होतं, आणि भेगा पडलेल्या टाचेला लावलं की टाच अशी शांत होते... रडून रडून झोपलेलं लेकरू होतं ना, तशी.

तर माझी नात शुभांगी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, केमिस्ट्री. चार भिंतींत नळ्या-बाटल्या घेऊन गुमान बसणारी पोरगी. आणि यंदा काय झालं, वरून कुठून तरी फर्मान आलं की सायन्सच्या मुलांनाही धंदा शिकवा. नोकऱ्या मागत फिरू नयेत, नोकऱ्या द्याव्यात. आता शिकवायचं कुणी? कॉमर्सवाले मास्तर म्हणाले आम्हांला वेळ नाही. मग ते पडलं शेषगिरी सरांच्या गळ्यात. देवमाणूस. बावीस वर्षं त्यानं ॲसिड शिकवलं, कुठली बाटली कुठल्या फळीवर ते झोपेत सांगेल. पण धंदा? सुभाष रोडला हा माणूस कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेला ना, तर भाव भाजीवालीच विचारते, सर, किती देता? आणि हा विचार करून तिच्या मनातल्यापेक्षा जास्त सांगतो. बायकोनं त्याला बाजाराला पाठवणं बंद केलंय, हे मळमड्डीत सगळ्यांना ठाऊक आहे. तो शिकवणार धंदा.

शुभांगी घरी येऊन सांगायची, मी परातीपाशी बसून ऐकायची. सर म्हणे फळ्यावर लिहितात, पहिला प्रश्न, तुमचं गिऱ्हाईक कोण? चार-चार पोरांचे गट केलेले, प्रत्येकानं एक वस्तू काढायची, विकून दाखवायची. हिच्या गटात वरद म्हणून एक पोरगा, चष्मा, काडीसारखा, पण डोकं असं की विचारू नका. बाकी दोघं होती, ती आजारीच असायची. तर वस्तू काय काढावी म्हणून ही दोघं आमच्या ओसरीवर बसलेली, कपाळाला हात लावून, आणि माझं आपलं चाललेलं परातीत गोल गोल... वरदनं एकदम वळून बघितलं. आज्जी, हे काय करताय? म्हटलं, पाणी घालते, पाणी काढते.

झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी विचारलं, गिऱ्हाईक कोण? वरद म्हणाला, ज्यांना टाचा आहेत ते सगळे. सर म्हणाले, किती असतील? वरदनं धारवाड-हुबळीची लोकसंख्या काढली आणि दोननं गुणली.

मला यातलं काही नको होतं, खरं सांगते. पण शुभांगी एक वाक्य बोलून गेली आणि मी अडकले. म्हणाली, ज्यांचा गट पहिला येईल त्यांना कॉलेजच्या फाटकापाशी काचेचं दुकान मिळणार, वर्षभर, फुकट. पंखा आहे, दिवा आहे, वर बोर्ड लावायला जागा आहे, आणि आत एक खुर्ची आहे, लाल गादीची, गोल फिरणारी. आणि म्हणाली, आज्जी, दुकान मिळालं तर त्या खुर्चीत तूच बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, खुर्चीचं एवढं काय? नागेशच्या घरी काय खुर्च्या नाहीत? आहेत की सहा. पण दुकानातली खुर्ची वेगळी. चाळीस वर्षं मी बाजार केलाय. डोक्यावर लोण्याचं मडकं, आठवड्याच्या बाजाराला अळणावर, गोणपाट टाकायचं आणि भुईवर बसायचं. भुईवर बसलेल्या बाईला काय दिसतं? पाय. नुसते पाय. चपलेचे, बुटाचे, अनवाणी, चिखलाचे. पायांवरून मी माणूस ओळखायची. हा पाय घासाघीस करणार, ही टाच उधारी मागणार, या पायाला आज घरी बोलणी बसलीत. पाय थांबला की मी वर बघायची, ऊन डोळ्यांत यायचं, तोंड दिसायचंच नाही. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड मला नीट आठवत नाही. पाय मात्र सगळे पाठ. दुकानात गादीवर बसलेला माणूस कसा, समोरून येणाऱ्याचं तोंड बघतो, या म्हणतो, बसा म्हणतो. मला ते एकदा करायचं होतं. बास. एवढीच हौस.

म्हणजे आजची नव्हे. निम्म्या पाण्यांच्या पुढं गेलं ना, की तूप पांढरं व्हायला लागतं आणि मला तंद्री लागते. परात दिसेनाशी होते. दुर्गदबैलचा बाजार दिसायला लागतो, तरणी असताना एकदाच गेले होते हुबळीला, ते तसंच्या तसं. कापडाचे तागे, धान्याची पोती, हातगाड्या, रिक्षा, सगळी झुंबड, पण आवाज नाही. पाण्याखाली बाजार भरल्यासारखा. आणि मधोमध माझं दुकान, आणि मी उंचावर बसलेली, हातावर हात ठेवून. समोरून माणसं येताहेत... आणि त्यांना पायच नाहीत. नुसती तोंडं. नदीत द्रोणातले दिवे सोडतात, तशी एकेक करून तोंडं तरंगत येतात, दुकानापाशी थांबतात, हसतात, पुढं जातात. मी कुणाला काही विकत नाही. नुसतं बघते. मग शुभांगीची आई स्वयंपाकघरातून हाक मारते, अत्त्या, ऐंशी झाली का, आणि बाजार मोडतो.

ऐंशी झाली का, याचं उत्तर मला देता येत नाही, बरं का. तिथंच तर सगळा घोळ झाला. मला शंभर मोजता येत नाहीत. वीसपर्यंत येतात, पुढं गाडी घसरते. मग मी काय करते, पाण्यागणिक एक माणूस घेते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम, तिथनं सुरुवात. पहिलं घर पांडुरंग लोहाराचं, तो एक, त्याची बायको दोन, तिची म्हातारी सासू, पोरं, मग पुढचं घर, मग पुढचं, असं करत विहिरीपर्यंत. गेलेले पण घेते. गेलेल्यांना कसं वगळायचं? आमच्या सासूनं मला हे असंच शिकवलं, तिच्या वेळची माणसं तिनं मोजली, माझ्या वेळची मी मोजते. विहीर आली की शंभर झाले.

हे मी सरळ मनानं सांगितलं आणि वरदच्या चष्म्याला घाम आला. आज्जी, विहिरीपर्यंत नक्की किती? मी म्हटलं, विहिरीपर्यंत. त्यानं शेजारी बसून हातातल्या यंत्रावर टिकटिक मोजलं. पहिल्या दिवशी एकशे तीन. दुसऱ्या दिवशी एकशे तीन. तिसऱ्या दिवशी एकशे एक. तो घाबरला, परत करूया म्हणाला. मी म्हटलं, परत काय करायचं, आज मला कृष्णा सुताराचा राग आलाय, दाराची चौकट वाकडी बसवली होती त्यानं, आज आठवलं, म्हणून त्याला आणि त्याच्या बायकोला नाही घेतलं. वरदनं वहीत लिहिलं, एकशे तीन, कमी-जास्त दोन. शुभांगीनं विचारलं, कमी-जास्तचं कारण काय लिहू? तो म्हणाला, राग.

आणि तुम्हांला त्या वर्गात विकण्याची तालीम घेतली ती सांगते. सर स्वतः गिऱ्हाईक झाले. पोरांनी त्यांना तूप विकायचं. शुभांगी उभी राहिली, डबी पुढं केली, आणि काय म्हणाली असेल? म्हणाली, काका, याने बरं होईलच असं नाही. सर म्हणाले, छान, पुढे? पुढे वरद म्हणाला, आम्ही अजून पुरेशी माणसं तपासलेली नाहीत, आणि तुमच्या भेगा थंडी संपल्यावर आपोआपही भरतील. सर म्हणाले, अगदी बरोबर. आणि सरांना ते इतकं पटलं की त्यांनी डबी घेतलीच नाही! हे शुभांगी मला अभिमानानं सांगतेय, आणि मी परातीत हात तसाच ठेवून तिच्याकडं बघतेय. अगं, चाळीस वर्षांत मी कुणाला होईलच असं नाही म्हटलं असतं ना, तर तुझा बाप शाळेत गेला नसता. माझ्या डोळ्यांसमोर ती लाल खुर्ची जरा मागं सरकली.

पण खरी मजा पुढं. सर म्हणाले, चाळीस माणसांवर वापरून दाखवा, मग विका. मग आमच्याच ओसरीवर पंधरा दिवस टाचांचा बाजार भरला. पहिल्या आल्या शेजारच्या कुसुमावतीबाई. रिटायर झालेल्या शाळामास्तरीण, चाळीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून टाचांची पार नांगरट झालेली. वरदनं त्यांना डबी दिली, घरी जाऊन लावा म्हणाला. त्यांनी डबी उघडली, हुंगली आणि ती नातवाच्या पोळीला लावली. दुसऱ्यानं दाढीला लावलं. तिसरा विसरला. वरद म्हणाला, हे चालायचं नाही, सगळ्यांना एकसारखं लागलं पाहिजे, एकाच हातानं, एवढाच वेळ. एकच हात म्हणजे कुणाचा? माझा.

आता बघा अडचण. पंचाहत्तरीची बाई मी, आणि समोर पाय पुढं करणार कुणी पंचविशीचा, कुणी पन्नाशीचा. माझ्यासारखीनं त्यांच्या पायाला हात लावायचा? मी हात पुढं केला की माणूस खाटकन पाय वर घ्यायचा. ब्याडरी अज्जी, ब्याडरी, नको नको, पाप लागेल. एक पोस्टमन तर खुर्चीवर मांडी घालूनच बसला, पाय सोडेचना. अर्धा दिवस असाच गेला, गिऱ्हाईक पाय लपवतंय आणि मी पाटावर बसून पाय मागतेय. शेवटी कुसुमावतीबाईंनीच तोड काढली. खाली उतरल्या, वाकून मला नमस्कार केला, म्हणाल्या, आता पाप आधीच फिटलं, घ्या पाय. आणि दिला. त्यानंतर रीतच पडली. येईल तो आधी माझ्या पाया पडायचा, मग खुर्चीत बसून मला पाय द्यायचा. वरदनं वहीत एक रकाना वाढवला, नमस्कार, सगळ्यांचा समान.

आणि मी चोळायला घेतलं की हात चालला तशी जीभ चालली. कुणाच्या घरी कोण, सून कुठली, गुडघा कधीपासून... लोक बोलायचे हो. पायाला कुणी प्रेमानं हात लावला की माणसाच्या तोंडाची कडी निघते. पोस्टमन त्याच्या आईबद्दल बोलला, वीस मिनिटं, कानडीत. शेवटी म्हणाला, नोवु कडमी आयतु अज्जी, दुखणं कमी झालं. टाचेचं म्हणत होता की आणि कशाचं, देव जाणे. मी आपली खाली मान घालून चोळतेय. मधूनच एखादं तूप हाताला जरा रवाळ लागायचं. वाटायचं, आज असं का लागतंय? मग म्हणायची, तूप नाही, हात म्हातारे झाले. ते त्या पंधरा दिवसांत मला सगळ्यात जास्त लागलं. आपल्याच हातांवरचा विश्वास उडाला की माणसानं बसायचं कशाच्या जोरावर?

आणि मग निकालाच्या दिवशी सकाळी, शुभांगी माझ्यापाशी येऊन बसली. डब्या सगळ्या उलट्या करून ठेवलेल्या, प्रत्येकीच्या बुडाला आकडा. खाली बघत बोलत होती. म्हणाली, आज्जी, विषम आकड्यांत तुझं तूप होतं, सम आकड्यांत मिक्सरमधलं, बर्फ घालून पाच मिनिटं फिरवलेलं. मी म्हटलं, आणि? ती म्हणाली, तुझ्या विसातले सोळा बरे झाले. मी म्हटलं, आणि मिक्सरचे?

"सोळा," ती म्हणाली. "फरक नाही गं आज्जी."

तुम्हांला सांगते, मी रागावलेच नाही तेव्हा. राग नंतर आला, अजून येतोय. तेव्हा मला फक्त आमची गल्ली दिसली. तालमीपासून विहिरीपर्यंत शंभर माणसं, गेलेली, राहिलेली, म्हातारी, तान्ही, सगळी ओलीचिंब उभी. मी त्यांना इतकी वर्षं रोज पाण्यात उतरवत होते. आणि ते काम मिक्सर पाच मिनिटांत करतो? माझ्या सासूनं मोजलेली माणसं, ती पण उगाच भिजली? मी म्हटलं, शुभे, मग आता? ती म्हणाली, आता कॉलेजच्या हॉलमध्ये जाऊन सांगायचं.

सरांचं मात्र मानते मी. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा धंदा शिकवला. हॉलच्या दारात शुभांगीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, आज्जींच्या तुपानं विसातले सोळा बरे झाले, एवढंच सांग आणि खाली बस, दुसऱ्या सोळांबद्दल कुणी विचारणार नाही. बोलून झाल्यावर सरांचं तोंड असं झालं की जणू त्यांनीच चुकीच्या बाटलीत ॲसिड ओतलं. मी मागच्या बाकावर बसलेली, सगळं ऐकलं. मनात म्हटलं, शुभे, ऐक सरांचं. एकदा ऐक. लाल खुर्ची तिथं स्टेजवरच आणून ठेवली होती, दाखवायला, तिची गादी मला एवढ्या लांबून मऊ लागत होती.

परीक्षा घ्यायला आले होते हुबळीचे बाळकृष्ण शेट. दुर्गदबैलला खिळे-कड्या विकायला सुरुवात केली, आता कारखाना आहे. साठीचा माणूस, पांढरेशुभ्र कपडे, चकचकीत बूट. आधीचे गट झाले. कुणी मेणबत्त्या, कुणी साबण, सगळी पोरं कशी ठासून बोलली, आमच्यासारखं जगात नाही. मग शुभांगी उठली. सोळा म्हणाली. मग थांबली. सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मी, तुम्हांला खोटं कशाला सांगू, मान हलवली, की बास, बस खाली. ती बसली नाही.

"मिक्सरच्या तुपानंही सोळाच बरे झाले," ती म्हणाली. "म्हणजे हातानं शंभर वेळा धुतल्यानं फायदा होतो, असं आम्हांला दाखवता आलेलं नाही."

बाळकृष्ण शेटनी विचारलं, मग तुम्ही विकणार काय? वरद उठला, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, तेच अजून कळलेलं नाही सर. गेली, म्हटलं. खुर्ची गेली. मी डोळेच मिटले.

तर शेट विचारतात, तूप लावलं कुणी? शुभांगी म्हणाली, आज्जीनं. दोन्ही प्रकारचं? हो, सगळ्यांना आज्जीनंच, म्हणजे हात एकसारखा राहावा म्हणून. ते म्हणाले, आज्जी आल्यात का? दोनशे पोरांच्या माना मागं वळल्या. मला धरून स्टेजवर नेलं. आणि तो एवढा मोठा माणूस, त्यानं बूट काढला, मोजा काढला. आतली टाच बघितली मी... आणि ओळखली. म्हणजे माणूस नव्हे, जात ओळखली टाचेची. ही टाच अनवाणी वाढलेली, दुकानात रात्रंदिवस उभी राहिलेली, मग एकदम बुटात कोंडलेली. त्यानं वाकून मला नमस्कार केला. मला बसायला पाट आणला कुणीतरी. आणि शेट बसायला खुर्ची शोधताहेत, तर स्टेजवर खुर्ची एकच होती. ते लाल खुर्चीत बसले.

वरदनं डबी दिली. कुठली ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी चोळायला घेतलं. मी आपलं नेहमीसारखं विचारलं, घरी कोण कोण? तो म्हणाला, सगळे आहेत. मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण? मग हळूहळू नावं घ्यायला लागला. आई गेली, वडील गेले, थोरला भाऊ वेगळा निघाला, बहीण गदगला... एकेक नाव, आणि माझा तळवा गोल गोल. तो नावं घेतोय, मी फिरवतेय. पाणी नाही, परात नाही, पण मला वाटलं, हे तर तेच चाललंय. कितवं नाव होतं कोण जाणे, त्याचा आवाज बारीक झाला, थांबला, मान एका बाजूला कलली... आणि झोपला! परीक्षा घेणारा माणूस भर स्टेजवर, एक पाय माझ्या मांडीवर, एक पाय बुटात, गाढ.

आता करायचं काय? शेषगिरी सर एकदा त्यांच्याकडं बघताहेत, एकदा घड्याळाकडं. परीक्षकाला उठवायचं असतं का, हे कुठल्याच पुस्तकात नाही. वरद वेळ मोजतोय. अकरा मिनिटं. दोनशे पोरं, आणि पंख्याचा तेवढा आवाज. मला तर वाटलं, सगळा हॉलच कुठंतरी सावकाश वाहत चाललाय, बाकं, फळा, पोरं, सगळं, आणि मी त्या पायाला धरून बसलेय म्हणून तेवढा एक माणूस मागं राहिलाय.

जागे झाले. लाजले नाहीत, काही नाही. मोजा घातला, बूट घातला, उभे राहिले आणि म्हणाले, "दुकान या पोरांना द्या. पोरांनो, तूप मिक्सरचं विका, स्वस्त पडेल. बोर्डावर नाव आज्जींचं लावा. आणि खुर्ची गिऱ्हाइकाला द्या."

टाळ्या पडल्या हो... शुभांगी रडली, वरद रडला, सर तर सगळ्यात जास्त रडले. मला विचारलं का कुणी? खुर्ची गिऱ्हाइकाला द्या म्हणे. आणि आज्जीला? आज्जीला पाट! स्टेजवरचाच उचलून आणला, जसाच्या तसा.

तर असं झालं. काचेचं दुकान आलं. पंखा आला, दिवा आला, पैसे घ्यायला तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला. बोर्डावर मोठ्या अक्षरांत तानूबाई, मला वाचता येत नाही पण शुभांगीनं बोट फिरवून दाखवलंय. मिक्सर दिवसभर गरगरतो. आता सर वाढीचा धडा शिकवताहेत. हुबळीला शाखा काढायची म्हणे. वरदनं हिशोब मांडला, मिक्सर कितीही आणता येतील, तूप कितीही करता येईल, पण एका आज्जीमागं दिवसाला बाराच पाय-जोड्या, आणि आज्ज्या कुठल्या कारखान्यात होत नाहीत. अडकलंय सगळं तिथं. कुसुमावतीबाईंना विचारून झालं, त्या म्हणाल्या, मी जन्मभर फक्त शिकवलं, पाय नाही चोळले.

घरी परात अजून आहे. विकायला नाही, कशाला नाही. दुपारी बसते, तालमीपासून विहिरीपर्यंत जाते. कृष्णा सुतारालाही घेते आता. एवढी माणसं, त्यांना सवय झालीये. मी आपलं पाणी घालते, पाणी काढते. पण तो बाजार आता दिसत नाही, बघा. ती तरंगणारी तोंडं येतच नाहीत. खरं दुकान आलं आणि मनातलं उठून गेलं.

आणि इथं बसून मला काय दिसतं? तुम्हीच बघा. तुम्ही वर, लाल गादीत, मी खाली पाटावर. तुमचं तोंड बघायचं तर मान एवढी वर करावी लागते, आणि वरचा तो दिवा डोळ्यांत येतो. तेव्हा तोंड राहू दे तुमचं... असेल चांगलंच. पाय मात्र कामाचा आहे, घरी ऐकून घेणारा दिसतो.

झाला हा. आता डावा द्या. अहो, उतरू नका, उतरू नका, परत नमस्कार कशाला? मघाशी केलात तो दोन्ही पायांचा मिळून.